तीनच्या चहाची सवत

उत्तर समुद्रातल्या टामनओग बेटावर दुपारी तीन वाजता दोनशे चौदा घरांत एकाच क्षणी चहाची किटली चालू होते. एकाच क्षणी म्हणजे खरोखर एकाच क्षणी. चर्चच्या घड्याळाचा तिसरा ठोका हवेत असतानाच बटणं दाबली जातात, आणि त्याबरोबर दीपगृहाचा दिवा डोळा मारल्यासारखा मिचकतो, बेकरीतल्या पंख्याचा आवाज खाली जातो, आणि वाळूच्या दांड्यावर लोळणारे सील माना वर करून बेटाकडे बघतात. सीलांचं खोटं वाटत असेल तर राहू द्या. दिव्याचं मात्र त्या समुद्रातल्या कोणत्याही खलाशाला विचारा.

टामनओगची वीज टामनओगच्याच मालकीची. वीजघर गावाचं, पवनचक्की गावाची, आणि समोरच्या किनाऱ्यावरून समुद्राच्या तळाने येणारी केबलही गावाचीच, जरी ती कोण्या कंजूष आजीने लोकर वाचवत विणल्यासारखी बारीक होती. मालकी गावाची असल्यामुळे वीज गेली की दोनशे चौदा मालक एकदम फोन करत.

केबल आणि पवनचक्की मिळून बेटाचं सगळं भागायचं. दिवे, बेकरी, कोळंबीचं शीतघर, पाहुण्यांच्या खोल्या, सगळं. भागायचा नाही तो फक्त तीनचा चहा. गॅसवर करावा म्हणाल, तर ज्या वर्षी खानावळीचं छप्पर उडून चर्चच्या अंगणात प्रार्थनेला येऊन बसलं, त्या वर्षापासून बेटावर गॅसच्या टाक्यांना बंदी होती. म्हणून रोज पावणेतीनला वीजघरात आल्मुटला उठवावं लागे.

आल्मुट म्हणजे डिझेलचं इंजिन. ज्या बोटीने ते बेटावर आलं त्याच बोटीतून तेव्हाच्या सरपंचाची सासू आल्मुट उतरली होती, आणि दोघींचा आवाज सारखा निघाला. सासू पुढे वारली, नाव इंजिनाला राहिलं. ही आल्मुट भारी मिजाशीची. थंड पोटाने उठायची नाही. दुपारी बारापासून तिच्या पोटाखाली विजेचा भलामोठा हीटर लावून तिला शेकावं लागे. त्यावरही ती एकाच माणसाच्या हाताने सुरू व्हायची. तो माणूस हिंडर्क.

हिंडर्क वीजघराचा प्रमुख होता, मिस्त्री होता आणि झाडूवालाही होता. त्याच्याखाली टोम्के नावाची एक कारकून, तीही अर्ध्या दिवसाची. एकतीस वर्षं तो रोज पावणेतीन ते चार आल्मुटजवळ उभा राहिला होता. रविवारी, नाताळात, झाडून सगळ्या सणांना. त्याचं लग्नसुद्धा साडेचारला लागलं होतं आणि अंगठी घालताना त्याच्या बोटांना तेलाचा वास येत होता. नवरी गेशे तेव्हाच पाद्रीबाबांसमोर म्हणाली होती, "बाबा, घोळ नाही ना झाला? याचं एक लग्न आधीच झालेलं दिसतंय."

तेव्हापासून गेशे आल्मुटला सवत म्हणायची. "जा बाबा, तुझी ती वाट बघत असेल. उशीर झाला तर फुरफुरते." असं म्हणून त्याला दुपारी घराबाहेर काढायची. आणि तीन वाजता टेबलावर दोन कप मांडायची. आपल्या कपात खडीसाखरेचा मोठा खडा टाकायची, त्यावर कढत चहा, खडा तडकल्याचा तो बारीक आवाज, मग कडेने सायीचा एक ढग, न ढवळता. समोरचा कप रिकामा. हिंडर्क सव्वाचारला घरी यायचा आणि चहादाणीत उरलेलं प्यायचा. तीन वाजून गेल्यावर जे मिळतं त्याला टामनओगमध्ये चहा म्हणत नाहीत, रंग म्हणतात.

हे असंच चालू राहिलं असतं. पण जानेवारीत एका सकाळी सरपंच फोको वीजघरात आला. फोको आणि हिंडर्क एका बाकावर शिकलेले. फोकोने आल्मुटभोवती एक फेरी मारली, तिच्या तोंडून गळणाऱ्या तेलात बूट घातला आणि म्हणाला, "म्हातारी झाली रे ही."

"सगळेच झालोय," हिंडर्क म्हणाला.

"आपल्याला कोणी बदलून देत नाही, हिला देतात. नवीन इंजिन मागवायचं. हिच्या दीडपट. पत्र तयार आहे. फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी पंचांचे हात वर झाले की टपालात."

"किती चालेल?"

"तीस वर्षं सहज. तुला निवृत्त व्हायला नऊच राहिलीत. मजा कर."

घरी येऊन हिंडर्कने हे सांगितलं तेव्हा गेशे मोजे विणत होती. सुया थांबल्या नाहीत. "म्हणजे आता तरुण सवत," ती म्हणाली. मग ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "हिंडर्क, मला तुझ्याबरोबर तीनचा चहा प्यायचाय. सुट्टी काढून नको. मशीन बिघडलंय म्हणून नको. उद्याही येणार आहेस हे माहीत असताना. तसा एक."

एकतीस वर्षांत तिने सवतीवरून हजार टोमणे मारले होते, पण मागितलं असं हे पहिल्यांदाच. हिंडर्क उठून बाहेर गेला आणि कारण नसताना सायकलला हवा भरत बसला.

दुसऱ्या दिवशी त्याने ग्रामसभा मागितली. खानावळीच्या दिवाणखान्यात सगळे मालक जमले. हिंडर्कने फळ्यावर रोजच्या विजेची रेघ काढली. सकाळभर सपाट, संध्याकाळी सपाट, आणि मधे तीनला चर्चच्या कळसासारखा एक सुळका.

"हा सुळका आपला चहा," तो म्हणाला. "याच्यासाठी डिझेल. याच्यासाठी नवीन इंजिन. अर्ध्या बेटाने अडीचला चहा घेतला आणि अर्ध्याने साडेतीनला, तर सुळक्याच्या दोन टेकड्या होतात. मग इंजिनच नको."

सभेत इतकी शांतता पसरली की भिंतीवरच्या घड्याळालाही संकोच वाटला.

"अर्ध्या म्हणजे कोणत्या अर्ध्या?" मागून एक बाई म्हणाली.

"पश्चिमेकडच्या," पूर्वेकडची मंडळी म्हणाली.

"का? आमचा चहा काय रस्त्यावर सांडलाय?"

कप्तान आयलर्ट उभे राहिले. वय एक्याण्णव, दाढी त्याहून जुनी. "माझ्या आजोबांचं जहाज डॉगर बँकेच्या उथळ समुद्रात बुडत होतं," ते म्हणाले. "पाणी गुडघ्यापर्यंत आलं आणि तीन वाजले. खलाशी म्हणाले, कप्तान, होडीत चला. आजोबा म्हणाले, आधी चहा. प्यायले. तीन कप. शेवटच्या कपाला पाणी छातीपर्यंत होतं, म्हणून बशी डोक्यावर ठेवली. आणि हा पोरगा मला अडीचला प्यायला सांगतोय."

"मग आजोबा वाचले का?" कोणीतरी विचारलं.

"वाचले नसते तर मी कुठून आलो असतो?"

"तुमचे वडील आधीच जन्मले असतील की."

"हा प्रश्न चहाच्या आधी विचारायचा नाही," असं म्हणून कप्तान बसले.

फोकोने हसू दाबून निर्णय दिला. हिंडर्कने घरोघर जावं, एकेका मालकाला पटवावं. शेवटच्या शुक्रवारी तीन वाजता सगळे पंच वीजघरात येतील. आल्मुटला न लावता वीजघराच्या मीटरचा काटा तांबड्या रेघेच्या आत राहिला, तर पत्र टाकायचं नाही. राहिला नाही, तर तिथल्या तिथे सह्या.

हिंडर्क लगेच कामाला लागला. रोज बाराला आल्मुटचा हीटर लावायचा आणि सायकल काढायची. अडीचपर्यंत जितकी घरं होतील तितकी. आता टामनओगमध्ये एखाद्याच्या घरी जायचं म्हणजे काय, हे त्याला काही कोणी नव्याने सांगायची गरज नव्हती. दार उघडतं, किटली लागते. पहिला कप पाहुणा म्हणून, दुसरा शेजारी म्हणून, तिसरा माणूस म्हणून. तिसऱ्याच्या आत उठणं म्हणजे घरमालकिणीच्या तोंडावर दार आपटणं. आणि पुरे झालं हे तोंडाने बोलायचं नसतं, कपात चमचा उभा ठेवायचा असतो. ठेवला नाही तर ओतणं चालूच.

पहिल्या दिवशी हिंडर्कने सहा घरं केली, अठरा कप. दुसऱ्या दिवशी सात घरं आणि तेवीस कप, कारण दोन ठिकाणी बोलण्याच्या भरात चमचा ठेवायचा राहिला. प्रत्येक घरात त्याचं मन लावून ऐकलं जाई. "खरंय हिंडर्क, फार खरंय," म्हणत, आणि कप भरत. विषय चहाचा, म्हणून ठेवणीतली पानं बाहेर निघत. वीजघराचा माणूस आलाय म्हणून शेजारणींना हाका जात, म्हणून दुसरी किटली. शेवटी म्हणत, "पटतंय रे सगळं. पण तीनचा चहा तीनलाच."

दहाव्या दिवशी त्याच्या पोटात इतकं पाणी होतं की सायकल वळवताना आत भरती-ओहोटीचा आवाज यायचा. त्याची सायकल पुलावरून जाताना पाणपक्षी उतरायला जागा बघत, असं लोक अजून सांगतात.

त्या दिवशी टोम्के कागदाची गुंडाळी घेऊन त्याची वाट बघत होती. वीजघरात एका रुळावर कागद फिरे आणि पेनाची सुई दिवसभर विजेची रेघ ओढत राही.

"ये, बस," टोम्के म्हणाली. "चहा देत नाही, घाबरू नकोस. हे बघ. तीनचा सुळका जिथल्या तिथे आहे. पण ही दीड वाजताची टेकडी कोणाची?"

हिंडर्कने चष्मा लावला. "नवीनच दिसतेय."

"दहा दिवसांची आहे. परवा ही पूर्वेला होती, बंदराकडच्या लाइनवर. काल चर्चजवळ. आज पश्चिमेला. टेकडी सायकलवरून फिरतेय, हिंडर्क."

हिंडर्कने कागद आणखी जवळ ओढला.

"वीज वाचवा म्हणून सांगायला जिथे जिथे गेलास," टोम्के म्हणाली, "तिथे तिथे वीज जास्त लागली. एकतीस वर्षांत गावाने इतका चहा केला नव्हता. आणखी एक आठवडा पटवत राहिलास तर दुपारी दीडलाही इंजिन लावावं लागेल."

संध्याकाळी तो घरी आला तो थेट आडवा झाला. गेशेने त्याच्यासमोर वाटीभर कोबीची भाजी ठेवली, शेजारी नुसता पाव. चहाचं नाव काढलं नाही, यावरून तिला सगळं कळलं होतं हे त्याला कळलं.

"नाही ऐकत कोणी," तो म्हणाला. "शुक्रवारी पंच येतील, काटा रेघेच्या पार जाईल, फोको सह्या घेईल. तुला वचन दिलं नव्हतं, तेच बरं झालं."

"तू त्यांना चहा हलवायला सांगतोस," गेशे म्हणाली. "मला सांगितलंस तर मीही हलवणार नाही. आणि मी तर तुझी बायको आहे."

"मग काय हलवू?"

"बाकीचं."

"बाकीचं काय?"

गेशेने विणकाम खाली ठेवलं. "हिंडर्क, तीन वाजता या घरात चहाच्या किटलीशिवाय काय काय चालू असतं, सांग बघू."

त्याने घरभर नजर फिरवली.

"तुला कसं माहीत असणार? एकतीस वर्षांत तू तीन वाजता कुठल्याच घरात नव्हतास. तुझ्या काट्याला एकूण कळतं. कोणाचं किती, ते काट्याला काय ठाऊक? अख्ख्या बेटावर तीन वाजता घर कसं असतं हे न पाहिलेला एकच माणूस आहे, आणि विजेचा सगळा कारभार आपण त्याच्याच हातात दिलाय."

हे तिने इतक्या मायेने सांगितलं की त्याला आधी राग आला, मग हसू आलं, आणि हसल्यावर पोटात पाणी हिंदकळलं.

दुसऱ्या दिवसापासून तीन वाजता गेशे निघाली. तिला कुठल्याही घरात मागच्या दाराने जाता येत होतं आणि जाताना ती आपला भरलेला कप आपल्याबरोबर नेत होती, म्हणजे वेगळी किटली नको. सव्वाचारला हिंडर्क घरी आला की ती वही उघडायची.

"खानावळीच्या वरच्या मजल्यावर अकरा खोल्या. अकराही गीझर चालू."

"फेब्रुवारीत पाहुणे कुठले?"

"जूनमध्ये यायचेत. त्यांच्यासाठी आत्तापासून पाणी तापतंय. टाक्यांना बाहेरून हात लावलास तर भाजतो. म्हणजे पाणी तापत नाही, भिंती तापतात." ती पान उलटायची. "लाँड्री. बाई तीनला चहाला बसते आणि बसायच्या आधी मोठं यंत्र लावून जाते, तेवढ्यात धुऊन होतं म्हणून. बेकरीवाला संध्याकाळच्या पावासाठी भट्टी तीनला पेटवतो आणि मग चहाला जातो. कोळंबीचं शीतघर त्याच वेळी धडधडतं, कारण दुपारी बोटी येतात आणि दार सताड उघडं. तुम्ही सगळ्यांनी चहाला आरोपी केलंत. चहा बिचारा पाव वाटा आहे."

हिंडर्कने वही हातात घेतली. बायकोचं अक्षर त्याने बऱ्याच वर्षांत इतकं लक्ष देऊन वाचलं नव्हतं. पवनचक्की पहाटेच्या वाऱ्यात जोरात फिरायची, आणि वीज घ्यायला कोणी नाही म्हणून तोच तिला लगाम घालून थांबवायचा. हे एकतीस वर्षं त्याच्या वहीत होतं. तीनला काय चालतं ते गेशेच्या वहीत. दोन वह्या एका टेबलावर कधी आल्या नव्हत्या.

दुसरी ग्रामसभा सात मिनिटांत आटोपली. हिंडर्क एवढंच म्हणाला, "तीनचा चहा धोक्यात आहे. लाँड्री, भट्ट्या आणि गीझर त्याची वीज खातायत."

लोक उठूनच उभे राहिले. जे दहा दिवस तिसऱ्या कपालाही हलले नव्हते, ते आता बेकरीवाल्याकडे असे बघायला लागले की तो स्वतःच म्हणाला, "मी बाराला पेटवतो. पाव काय, वाट बघेल." लाँड्रीवाली म्हणाली, "चादरी पहाटे धुते. वारा असतोच तेव्हा." शीतघरवाल्याने सांगितलं की पहाटे एकदा कडक थंड करून ठेवलं आणि दाराला जाड पडदा लावला, तर दुपारी तासभर यंत्र बंद ठेवूनही कोळंबीला पत्ता लागणार नाही. गीझर पहाटेच्या वाऱ्यावर, तेही पाहुणा असेल त्याच खोलीतले. पाद्रीबाबांनी तीनला दहा कमी असताना छोटी घंटा वाजवायचं कबूल केलं. घंटा झाली की ज्याला थांबता येतं ते सगळं थांबवायचं.

पुढचे दोन आठवडे बेटावर जे झालं ते बघायला मिळालं हे भाग्यच. टामनओगमध्ये चहादाणीला लोकरीची टोपी घालतात. आता बायका खानावळीत टेप घेऊन चढल्या आणि गीझरच्या टाक्यांची मापं घेतली. अकरा टाक्यांना अकरा टोप्या, वर गोंडा. मग शाळेच्या टाकीला, मग वाचनालयाच्या. मेंढ्या कमी पडल्या. एक मेंढा तर बायका येताना दिसल्या की समुद्रात जाऊन उभा राहायचा. एकदा टोपी घातलेली टाकी सकाळी तापवली की संध्याकाळपर्यंत कढत राहायची, आणि टोम्केच्या कागदावरची सपाट रेघ रोज थोडी थोडी खाली बसत गेली. पण शेवटच्या शुक्रवारी ती किती खाली असेल, हे टोम्केही सांगेना.

तो शुक्रवार उजाडला तो गोठवणारा. वारा पडलेला. पवनचक्की विचार करत असल्यासारखी हळूहळू फिरत होती.

हिंडर्कने सवयीने बाराला आल्मुटचा हीटर लावला. अडीचला पाचही पंच आले, फोको सगळ्यांच्या पुढे, हातात पत्र. पंचांत कप्तान आयलर्ट होतेच. ते एकमेव पंच होते जे निवडून आल्याचं कोणालाच आठवत नव्हतं.

"आल्मुट तयार ठेव," फोको म्हणाला. "काटा रेघेच्या पार दोन मिनिटं राहिला तर फ्यूज उडतील आणि दोनशे चौदा किटल्या अर्ध्या तापून थांबतील. मला या बेटावरून पोहत पळून जायचं नाही."

"शेक चालू आहे," हिंडर्क म्हणाला. "पोट गरम आहे तिचं."

तीनला दहा कमी. छोटी घंटा झाली. काटा खाली आला. बेकरीतला पंखा थांबला, तो आणखी खाली. शीतघर थांबलं. हिंडर्कला डोळे मिटूनही कळत होतं की आत्ता कोणतं घर थांबलं. फोको वाकून बघत म्हणाला, "हे इतकं खाली मी कधी पाहिलं नव्हतं."

मग तीनचे ठोके. तिसरा हवेत असतानाच काटा उठला. अर्धं अंतर झरझर, मग सावकाश, मग तांबड्या रेघेला येऊन टेकला, थरथरला, आणि केसभर पलीकडे जाऊन उभा राहिला.

"दोन मिनिटं," फोको म्हणाला आणि घड्याळ काढलं. "लाव आल्मुटला."

केसभर. हिंडर्क काट्याकडे बघत होता. केसभर म्हणजे दहाबारा घरं. कोणाचं राहिलं? भट्टी बंद होती, पावाचा वास नव्हता. खानावळ बंद होती, त्याने स्वतः पाहिली होती. तेवढ्यात त्याच्या मागे कुठेतरी पाणी गुणगुणायला लागलं. तो वळला. कोपऱ्यात टोम्केने सभेची दहा लिटरची किटली लावली होती.

"टोम्के," फोको ओरडला, "आज तरी?"

"पंच आलेत," टोम्के शांतपणे म्हणाली. "तीन वाजलेत. मी काय त्यांना तसंच उभं ठेवू?"

फोकोने किटलीच्या बटणाकडे हात नेला. कप्तान आयलर्टनी आपली काठी आडवी धरली. "लाव बघू हात," ते म्हणाले. "आजोबांच्या छातीपर्यंत पाणी होतं, माझ्या तर बुटालाही लागलं नाही."

"एक मिनिट झालं," दुसरा पंच म्हणाला.

किटली एवढी मोठी नव्हती. हिंडर्क मनात हिशेब करत होता. किटली बंद केली असती तरी काटा रेघेवरच राहिला असता. काहीतरी आणखी होतं, मोठं, याच घरात. आणि मग त्याला ते ऐकू आलं. ऐकू आलं म्हणजे, एकतीस वर्षं कानात असल्यामुळे जे ऐकू येत नव्हतं ते. आल्मुटच्या पोटाखालची बारीक घरघर. हीटर. रोज तीनला ती स्वतः धावायला लागायची, म्हणून तिने खाल्लेलं कधी कोणाला दिसलं नव्हतं. आज ती निजलेली होती आणि शेकून घेत होती, दहाबारा घरांच्या चहाएवढी वीज.

हीटर बंद केला, तर आल्मुट आता उठणार नव्हती; शेक मधेच काढलेला तिला खपत नसे. काटा तरीही वर राहिला, तर मागे फिरायला वाट नव्हती. बेट अंधारात, चहा अर्धवट, आणि दोष एकाच माणसाचा.

त्याने एक हात आल्मुटच्या कोमट लोखंडावर ठेवला. "बरं, बाई," तो म्हणाला, अगदी हळू, आणि दुसऱ्या हाताने तिच्या हीटरचा खटका ओढला.

घरघर थांबली. काटा क्षणभर रेघेवरच राहिला. मग एखादा म्हातारा खुर्चीत बसतो तसा आधी थोडा, मग पूर्ण, रेघेच्या आत येऊन बसला. आणि तिथेच राहिला.

टोम्केची किटली उकळली.

मतदान तिथल्या तिथे झालं. सगळ्यांच्या हातात बशा असल्यामुळे हात वर करता येईनात, म्हणून कप वर केले. पाच कप. फोकोचा सगळ्यात शेवटी, पण भरलेला. कप्तान आयलर्टनी इंजिन मागवायचं पत्र घेतलं, घडी घातली आणि चहादाणीखाली ठेवलं, टेबलाला डाग पडू नये म्हणून. "तू कुठे निघालास?" त्यांनी हिंडर्कला विचारलं. "तिसरा कप व्हायचाय."

"माझा पहिलाही व्हायचाय," हिंडर्क म्हणाला. त्याची टोपी खुंटीवरच राहिली.

सायकलवरून घरी पोचायला रोज त्याला बारा मिनिटं लागत. त्या दिवशी चार लागली. वाटेत कोणाच्या कोंबड्या उडाल्या आणि कोणत्या बागेतून रस्ता निघाला, यावर बेटावर अजून एकमत नाही. दार ढकललं तेव्हा तीन वाजून अकरा मिनिटं झाली होती. गेशे टेबलाशी बसली होती. दोन कप. तिचा दुसरा चालू होता.

तिने त्याच्या कपात खडीसाखरेचा खडा टाकला, त्यातला मोठा निवडून. वरून कढत चहा ओतला. खडा तडकला. एकतीस वर्षांत त्याने तो आवाज तीन वाजता ऐकला नव्हता. मग सायीचा ढग, जो आधी बुडाला आणि मग फुलासारखा वर आला. हिंडर्कने चमचा उचलला.

"ढवळू नकोस," गेशे म्हणाली. "एवढंही विसरलास?"

"उद्यापासून आठवेल."

तिने ‘उद्यापासून’ हा शब्द ऐकला आणि ती खिडकीबाहेर बघायला लागली, जिथे बघण्यासारखं काही नव्हतं. पहिला कप झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. तो चमचा कपात ठेवेना. ती चौथा ओतू लागली. पाचव्याला म्हणाली, "चमचा ठेव की आता. पोट आहे का बंदर?"

"राहू दे," तो म्हणाला. "चांगलं लागतंय."

बाहेर दीपगृहाचा दिवा न मिचकता लागलेला होता. थोड्या वेळाने गेशे म्हणाली, "म्हणजे तिचा हीटर तू काढलास."

"काढला."

"या थंडीत."

"हो."

"पहिल्यांदाच गार पडली असेल ती."

"पडली असेल," हिंडर्क म्हणाला, आणि कपात बघायला लागला.

गेशेने खुर्चीशेजारची टोपली ओढली. आत बेटावरच्या शेवटच्या मेंढ्याची करडी लोकर उरली होती, बरीच. तिने सुया काढल्या, पहिला टाका घातला आणि विचारलं, "कमरेचं माप काय आहे तिच्या?"